‘मृदाश्वसन’ की ‘मातीतून वायू सुटणे’?

रानपाखरू: किनवटकडच्या सागाच्या रोपवनावर शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक करायचं आहे. सरसकट तोड झाल्यावर मातीतल्या कर्बाचं काय होतं, हा विषय. ‘सॉइल रेस्पिरेशन’ला, म्हणजे मातीतून कार्बन डायऑक्साईड बाहेर पडण्याला, ‘मृदाश्वसन’ म्हटलं आणि ‘तोडीनंतर मृदाश्वसन घटते’ असं लिहिलं. तपासणाऱ्यानं तो शब्द खोडला. म्हणे, मातीला कुठलं नाक? ‘मातीतून वायू सुटणे’ ठेवू का?

भुईकोट: नको. नुसता वायू सुटणं म्हणजे गोबरगॅस. यात दोन श्वास आहेत: जिवंत मुळांचा आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीचा. तोडीत पहिला थांबतो, दुसरा उलट वाढू शकतो. स्वीडनमध्ये पाइनच्या खोडाभोवतीचं सालीचं कडं सोललं, म्हणजे पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचेना; झाडं उभीच ठेवली, तरी महिना-दोन महिन्यांत मातीचं श्वसन निम्म्याहून खाली आलं. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. शब्दात ‘श्वसन’ नसेल तर हा फरक कसा सांगणार?

चोपण: मग ‘तोडीनंतर मृदाश्वसन घटते’ हे वाक्यही अर्धंच. सावली गेली की माती तापते, आणि झाडं पाणी ओढत नाहीत म्हणून ओल टिकते. दहा अंशांनी तापमान वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, ओल असेल तर. मे महिन्यात कोरड्या काळ्या मातीत जीव निपचित पडलेले असतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की एकदम उसळी. एका दिवसाच्या मोजणीवर ‘घटते’ लिहू नका.

शब्दवेडा: ‘कर्ब’ तरी कुठला आपला? तो ‘कार्बन’चाच मोडका अवतार. शुद्ध मराठीच पाहिजे तर ‘प्रांगार’ लिहा.

भुईकोट: लिहा की. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ असतं आणि शेतकऱ्याला तेच कळतं.

खोडवेकर: मुद्दा राहिला. साग तोडला म्हणून मूळ मरत नाही, खुंटाला धुमारे फुटतात. उसाचा खोडवा तसाच. ‘सागाचा खोडवा’ म्हटलं की पहिला श्वास पूर्ण का थांबत नाही, ते ऊसवाल्याला न सांगता कळेल.

शब्दवेडा: खोडवा म्हणजे उसाचं दुसरं पीक, तिसरं निडवा. सागाला काय निडवा म्हणणार? त्यापेक्षा वनखात्याचा ‘कूप’ बघा, विहिरीसारखी मोकळी झालेली जागा म्हणून कूप.

भुईकोट: छे! तो फ्रेंच ‘कूप’, म्हणजे तोड. इंग्रजांच्या वनखात्यातून आला. विहिरीचा काही संबंध नाही.

चोपण: शब्द नंतर ठरवा, आधी आकडा सांभाळा. तोडीत ट्रॅक्टर फिरतो, माती दबते. सेंद्रिय कर्ब ०.६ टक्के, मातीची घनता घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅम, थर १५ सेंटिमीटर: गुणाकार हेक्टरी १२.६ टन. घनता १.५५ झाली की त्याच टक्केवारीवर १३.९५ टन. कर्ब वाढलेला नाही, थर दबला आहे. सारख्या खोलीऐवजी सारख्या वजनाच्या मातीची तुलना करा. आणि नमुना भट्टीत जाळून मोजलात तर चुनखडीतला कर्बही त्यात येतो. आधी आम्लानं धुवा.

रानपाखरू: श्वसन मोजतात कसं, तेही दोन ओळीत द्यायचं आहे.

चोपण: एक नॉर्मल तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साईड २० मिली उघड्या वाटीत ठेवायचं, ते कार्बन डायऑक्साईड शोषतं; वर डबा पालथा घालायचा, कड दोन सेंटिमीटर मातीत दाबायची. चोवीस तासांनी बेरियम क्लोराईड, मग फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून उरलेलं हायड्रॉक्साईड एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं गुलाबी रंग जाईपर्यंत मोजायचं. तसाच एक डबा तळाला बंद ठेवायचा, तोच कोरा नमुना. कोऱ्याला १९.६ मिली, मातीला १४.६ लागलं तर फरक ५. एका मिलीला २२ मिलिग्रॅम, म्हणून गुणिले २२ म्हणजे ११० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साईड. डबा २० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर चौरस मीटरला दिवसाला साडेतीन ग्रॅम. डब्यात गवत राहिलं तर तेही श्वास घेतं. मुळाशी कापून काढा. झाकण उन्हात तापू देऊ नका, ओलं पोतं टाका.

शब्दवेडा: ‘कोरा नमुना’ छान. पण पोत्याला ‘गोणपाट’ म्हणा.

खोडवेकर: गोणपाट म्हणजे कापड, पोतं म्हणजे शिवलेलं.

चोपण: काहीही म्हणा, पण भेगेवर डबा घालू नका. काळ्या रानात उन्हाळी भेग हाताएवढी असते, कड दाबली तरी खालून हवा खेळते आणि वायू निसटतो.