बेडरूमचा सेट किती वर्षं चालायला हवा? सगळा बदलू की काही वाचेल?

केतकी_बदलापूर:
नमस्कार. आमचा बेडरूमचा सेट २०१४ साली लग्नात घेतलेला. हायड्रॉलिक बेड, तीन दारांचं कपाट आणि ड्रेसिंग टेबल, दुकानातून तयार आणलेलं. मधे दोनदा घर बदललं, तेव्हा सगळं खोलून पुन्हा जोडलं. आता बेडवर कूस बदलली तरी करकर आवाज येतो. कपाटाचं मधलं दार उतरलंय, उचलून लावावं लागतं. बाथरूमच्या भिंतीला टेकलेली बाजू तळाशी फुगलीय आणि कडेची पट्टी सुटलीय.

नवरा म्हणतो, दहा वर्षं वापरला, पैसे वसूल झाले, सगळं काढून टाकू. सासऱ्यांना ते पटत नाही. सिन्नरच्या घरातला सागवानी पलंग त्यांच्या लग्नाच्याही आधीचा आहे आणि अजून ठणठणीत आहे. माझ्याकडे साठ-सत्तर हजार आहेत. काय करू? आणि तो पलंग इकडे आणावा का? चार फुटी आहे.

घोडबंदर_रोड:
आमचाही असाच सेट होता, शिफ्टिंगमध्येच खिळखिळा झाला. एक करा, गादी उतरवून बेडवर बसून बघा. आमच्याकडे आवाज स्प्रिंगच्या गादीचा निघाला होता. गादी आणि बेड यांचं आयुष्य वेगळं धरायचं. मधे खळगा पडला, सकाळी कंबर धरायला लागली की गादी बदलायची, बेड कितीही नवा असो.

रंधा_पटाशी:
ताई, कल्याणला आमचं वडिलांपासून सुतारकाम आहे. वर्षं मोजू नका, माल कुठला आहे ते बघा. फुगलेल्या जागी नखाने कोरा. भुगा सुटला तर तो पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेला. तो पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. ती बाजू गेली असंच समजा. वरून सनमायका मारून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दाराचं वेगळं बघायचं. स्क्रूड्रायव्हर घेऊन बिजागरीचे स्क्रू आवळा. घट्ट बसले तर बिजागरीवरच दार वर-खाली करायचा स्क्रू असतो, तो फिरवून दार जागेवर येईल, खर्च शून्य. पण स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला, तर बोर्डाचं भोक सैल झालंय. या बोर्डात स्क्रू पहिल्यांदा बसतो तो खरा. खोलून त्याच भोकात पुन्हा बसवला की पहिल्यासारखी पकड राहत नाही, आणि तुमचा सेट दोनदा खोललाय. म्हणून तयार सेटचं आयुष्य मी वर्षांत सांगत नाही. एकाच घरात कोरड्या भिंतीला पंधरा वर्षं उभी असलेली कपाटं मी बघितलीत, आणि चार वर्षांत फेकलेलीही.

बेड लगेच काढू नका. करकर बहुतेक वेळा सांध्यांची असते. डोक्याकडची फळी आणि बाजूच्या फळ्या जिथे मिळतात तिथले बोल्ट आवळा. प्लाय आडव्या पट्ट्यांवर घासत असेल तर मधे रबराची पट्टी लावा. पण पंपाची, म्हणजे बेडचं झाकण वर उचलून धरणाऱ्या दांड्याची, पत्री बाजूच्या फळीतून उपटून येत असेल किंवा झाकण वर धरून राहत नसेल, तर तो बेड उघडणं आजपासून बंद. झाकण गादीसकट खाली येतं, घरात लहान मूल असेल तर विषाची परीक्षा नको. पंप सुटा मिळतो, त्यावर छापलेला आकडा बघून तेवढ्याच ताकदीचा आणायचा.

सासरे बरोबर बोलतात. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही. सांधे खाच आणि कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) करून बसवलेले, त्यामुळे सैल झाला तरी खोलून, पाचर मारून पुन्हा घट्ट होतो. एक पाय मोडला तर एकच पाय बदलता येतो. खरा फरक हाच आहे, त्याची दुरुस्ती होते. फक्त फिकट पिवळसर भाग तपासा, तो सालीकडचा असतो आणि सागातही त्याला भुंगा लागतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पावडर दिसली तर आधी औषध, मग घरात.

नवं करायचं तर सगळे पैसे कपाटावर घाला. प्लाय १८ एमएमचा घ्या आणि शीटवरचा आयएसआयचा शिक्का स्वतः वाचा. शिक्क्याखाली मानकाचा नंबर असतो. आयएस ३०३ मध्ये एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) असे दोन प्रकार येतात, बाथरूमच्या बाजूला एमआर नको. आयएस ७१० त्याहून वरचा, त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. आणि हे सगळं ती भिंत कोरडी झाल्यावर. ओल तशीच राहिली तर नवीन कपाटही कुजणार.

देवगडकर:
वरच्या दादांना अनुमोदन. आमच्याकडे पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली ठोकळे, हे ठरलेलंच. लोखंडी कपाटही तळाकडूनच गंजतं. आणि घरात फरशी पुसताना बादलीभर पाणी ओतायची सवय असेल तर ती बंद करा.

केतकी_बदलापूर:
मनापासून आभार. स्क्रू गरगर फिरतोय, आणि नख लावल्यावर भुगा नाही, ढेकूळच हातात आलं. बेडचे बोल्ट मात्र चांगले दोन-दोन आटे आवळले गेले आणि आवाज थांबला. पंपही धरून राहतोय. प्लंबरने शॉवरच्या नळामागे गळती दाखवली, ते काम सोमवारी. पलंग मुलीच्या खोलीत आणायचं ठरलं, सासरे स्वतः टॉर्च घेऊन भोकं बघणार आहेत. जुन्या कपाटाची दोन दारं चांगली आहेत, ती नव्याला लावता येतील का?

रंधा_पटाशी:
नको, त्या दारांना पुन्हा भोकं पाडून बिजागऱ्या टिकणार नाहीत. आरसा, हँडल आणि कपडे टांगायचा पाइप तेवढा काढून ठेवा. नळाचं काम झालं की लगेच माप द्यायची घाई करू नका. भिंतीवर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून दोन-तीन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा.