कांदाटी खोरे आणि जतचा पूर्व भाग यांना लघुशक्ती दूरचित्रवाणी केंद्र द्यावे का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात उचाट, अकल्पे, लामज अशी गावे आहेत, आणि तिथल्या माणसांना तापोळ्याला किंवा बामणोलीला यायचे तर अजूनही बहुधा लाँचचाच आधार असतो. घरांवर डिश आहेत, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या बातम्या येतात. परंतु उद्या लाँच सुटणार का, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी बसणार, ग्रामसभेत अभयारण्याच्या निर्बंधांविषयी काय ठरले, हे दाखवणारी वाहिनी नाही. उपग्रहावरून ती येणारही नाही, कारण साऱ्या देशावर पडणाऱ्या संकेतात चार वाड्यांसाठी जागा राखणे कोणालाच परवडत नाही.

अमेरिकेने 1982 पासून लघुशक्ती दूरचित्रवाणी केंद्रांना, म्हणजे कमी शक्तीच्या प्रक्षेपकावरून जवळच्याच परिसराला कार्यक्रम दाखवणाऱ्या केंद्रांना, स्वतंत्र परवाना दिला. ही केंद्रे दुय्यम दर्जाची मानली जातात, म्हणजे मोठ्या केंद्राच्या प्रक्षेपणात त्यांनी अडथळा आणायचा नाही आणि मोठ्या केंद्राचा अडथळा मात्र सोसायचा. तरीही डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांत ती टिकून आहेत. आपल्याकडेही गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे 1975 पासून एक किलोवॅटचा प्रक्षेपक होता, आणि त्यावरून त्याच जिल्ह्यातील शेतमजुरी, अस्पृश्यता, दूध संघ यांवरचे कार्यक्रम गावकऱ्यांच्या सहभागाने होत असत. त्या प्रयोगाला 1984 मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले आणि 1985 मध्ये तो बंद पडला. बंद पडण्याचे कारण प्रेक्षकांची उदासीनता हे नव्हते. संपूर्ण देशाला एकच कार्यक्रम दाखवण्याच्या धोरणात अशा केंद्राला जागाच उरली नव्हती.

2006 च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा, म्हणजे छोट्या परिसरासाठी तिथल्याच लोकांनी चालवायच्या रेडिओचा, परवाना स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. त्याच धर्तीवर दूरचित्रवाणीचाही परवाना द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

माणदेशातून

मी असहमत आहे, आणि ते गावांविषयी आस्था नाही म्हणून नव्हे. आमच्या म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग वाहिनी हा सामुदायिक रेडिओ चालतो. बायका स्वयंपाक करताना, मेंढपाळ रानात असताना तो ऐकतात. दूरचित्रवाणीसमोर मात्र बसावे लागते, आणि दुष्काळी भागात बसायला सवड कोणाला आहे?

तुम्ही ज्या खोऱ्याविषयी लिहिता तिथे खरी गरज पावसाळ्यात असते. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी सर्वांत आधी वीज जाते, आणि वीज गेली की घरातला दूरचित्रवाणी संच निरुपयोगी होतो. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र बोलत राहतो.

तांत्रिक अडचणही मोठी आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी डोंगराआड नीट पोचत नाहीत, त्यामुळे कांदाटीसारख्या चिंचोळ्या खोऱ्यात एका मनोऱ्यावर भागणार नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा उभारला होता, कारण तिथे खाली पसरलेले शहर होते. 2022 पर्यंत दूरदर्शनने देशातील जवळजवळ सर्व ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. आता नवे केंद्र डिजिटलच असणार, आणि बहुतेक घरांतल्या संचांना त्यासाठी वेगळा सेट-टॉप बॉक्स लावावा लागेल. त्याचे पैसे कोण भरणार?

जत पूर्व

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी हा सामुदायिक रेडिओ आहे, त्याविषयी मला आदर आहे. परंतु डाळिंबावरचा तेल्या रोग कसा ओळखावा हे कानांनी कळत नाही. डागाचा रंग, त्याची कड, फळाला पडलेली चीर हे सारे पाहावे लागते. आमच्याकडे कन्नड बोलणारी गावे आहेत; तिथे शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच मातीतली बाग दाखवली तर तो विश्वास ठेवतो. शिवाय सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, हे विसरता येणार नाही. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी कोणत्या तलावापर्यंत आले ही आमच्यासाठी सर्वांत मोठी बातमी असते, आणि ती चित्रासह दिसली पाहिजे.

मिरजेहून

तेल्या मोबाईलवरही दिसतो. खरा प्रश्न मालकीचा आहे. शहरांतल्या केबलच्या स्थानिक वाहिन्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत: वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्घाटने, आणि निवडणूक आली की एकाच बाजूची भाषणे. ज्याच्याकडे कारखाना, बँक आणि शिक्षणसंस्था आहे त्याच्याच हाती मनोराही जाईल. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. ती अशा रीतीने दान करण्यापेक्षा मोकळी राहिलेली बरी.

कोयनाकाठ

आपत्तीच्या काळात रेडिओच उपयोगी, हे मला मान्य आहे. दोन्ही एकाच संस्थेने चालवावेत. मोबाईलचा मुद्दा मात्र मान्य नाही. कांदाटीत अनेक ठिकाणी मोबाईलची रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागते, आणि तिथे उभे राहून कोणी अर्ध्या तासाचा कार्यक्रम पाहत नाही.

मालकीची भीती रास्त आहे. म्हणून परवाना व्यक्तीला किंवा कंपनीला न देता गावांच्या प्रतिनिधींच्या समितीला द्यावा, राजकीय पदाधिकाऱ्यांना तिच्यात जागा नसावी, आणि आचारसंहितेच्या काळात केंद्रावर कोणत्याही उमेदवाराचा प्रचार होऊ नये. अडीच-तीन तासांचे प्रक्षेपण रोज पुरे आहे. चोवीस तास भरायचे म्हटले की उद्घाटनेच दाखवावी लागतात.

माणदेशातून

समितीची रचना पटली, तरी माझा विरोध कायम आहे. यंत्र अनुदानातून एकदा येते. कॅमेरा हाताळणाऱ्या आणि संकलन करणाऱ्या मुलांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. रेडिओवर एक मुलगी ध्वनिमुद्रक घेऊन दिवसभरात कार्यक्रम तयार करते. पाच वर्षांचा पगार कुठून येणार हे जोवर कागदावर लिहिले जात नाही, तोवर तेच पैसे कांदाटीत पहिला रेडिओ उभारायला द्यावेत.