विंडोज १० नंतर तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचं काय केलंत? अनुभव सांगा

गिरगाव (धागा काढणारी)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट येणं थांबलं. तेव्हापासून नात्यागोत्यातले सगळे मला एकच विचारतायत: मशीन नीट चालतंय, मग टाकायचं कशाला? विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, आणि वस्तू मात्र भंगारात? मला हे पटत नाही. म्हणून हा धागा. काय केलंत, काय जमलं, काय नाही, सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. आईचा लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-थ्री. आतली फिरती हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकली. काळजी एकाच गोष्टीची होती, मराठी टायपिंगची. आईचा हात इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर बसलाय. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत भारतीय भाषांखाली मराठी इनस्क्रिप्ट निघालं, शिवाय रोमन उच्चारांवरून टाइप करणाऱ्यांसाठी कगप ही मांडणी पण आहे. आई दुसऱ्या दिवशीपासून भिशीचा हिशेब त्यावरच लिहायला लागली.

डोंबिवली

ताई, एसएसडीचं अगदी बरोबर. जुन्या मशीनवर पहिला खर्च करायचा तर तोच. रॅमचं (मशीनच्या तात्पुरत्या मेमरीचं) मात्र सध्या कठीण झालंय. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की मोठे उत्पादक आपली क्षमता तिकडे वळवतायत. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी आजवर घेतलेल्या बहुतेक रॅम क्रुशियलच्या, त्यामुळे बातमी वाचून खरंच वाईट वाटलं.

मग लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठला, सेकंडहँड डीडीआर४ रॅमसाठी. ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, चालत पाच-दहा मिनिटं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. काउंटरवर स्टिकर स्वतः वाचा. लॅपटॉपची छोटी पट्टी वेगळी, डेस्कटॉपची लांब वेगळी. डीडीआर३ या आधीच्या रॅमच्या काळातला लॅपटॉप असेल तर १.३५ व्होल्टची 'एल'वाली हवी की १.५ ची, हे आधी बघून जा. घरी आल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावून ठेवा. चूक दाखवणारी एकही लाल ओळ दिसली तर सकाळी परत द्यायची, असं दुकानदाराशी घेतानाच बोलून ठेवायचं. माझ्या दुकानदाराने हे हसत मान्य केलं आणि बिलावर लिहूनही दिलं.

वसई

आमच्याकडे शत्रू म्हणजे हवा. खाडी जवळ, पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात. बंद ठेवलेलं मशीन इथे लवकर मरतं. रोज तासभर चालू असेल तर आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. ऑगस्टमध्ये डेस्कटॉप सुरू होताना नुसता बीप-बीप करायला लागला तर घाबरू नका. वीज बंद करून प्लग काढा, रॅमची पट्टी बाहेर काढा, सोनेरी कडेवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण ब्रशने झटका आणि पट्टी दोन्ही बाजूंनी 'टक' वाजेपर्यंत दाबून बसवा. आमच्या सोसायटीतली बरीच मशीनं एवढ्यावरच उठलीत.

मुलुंड

छोटीशी भर. मशीन सुरू केल्यावर दरवेळी तारीख अनेक वर्षं मागे जात असेल आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणत असेल, तर व्हायरस नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. घड्याळ मागे गेलं की साइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं. सेल बदला, झालं.

दादर

इथे लिनक्सची शिफारस होतेय म्हणून माझी बाजू लिहितो. मला अजिबात दिसत नाही. माझं सगळं काम स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतं आणि तो म्हणजे एनव्हीडीए. २००६ पासून सुरू झालेला, मोफत आणि मुक्त. त्यातला ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रॅमचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, पण वेग कितीही वाढवला तरी शब्द कळतो, आणि मी तो तुम्हाला गोंगाट वाटेल इतक्या वेगाने ऐकतो. एनव्हीडीए फक्त विंडोजवर चालतं. लिनक्सवर ऑर्का आहे, ते मी वापरून पाहिलंय, चांगलं आहे. पण माझ्या बोटांत बसलेल्या शेकडो की-कॉम्बिनेशन नव्याने घडवायच्या म्हणजे नोकरी सांभाळून दुसरी नोकरी. माझ्यासारख्याला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मायक्रोसॉफ्टची विंडोज १० साठीची वाढीव सुरक्षा अपडेट हाच मधला रस्ता. तेवढ्या अवधीत आठव्या पिढीचं एखादं रिफर्बिश्ड मशीन शोधायचं असं ठरवलंय. दुसऱ्याचं मशीन बदलून देताना त्याला आधी विचारा, एवढं मनापासून सांगणं आहे.

गिरगाव

दादरकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी ज्यांची मशीनं बघते त्यांना आता आधी विचारीन की दिवसभर नेमकं काय वापरता.

फोर्ट (निवृत्त)

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं तेव्हापासूनचा मी ग्राहक. ९.६ केबीपीएसचा मोडेम, नुसती अक्षरं दिसणारं खातं, आणि फोन लाइन अडकली म्हणून घरच्यांची बोलणी. आज त्याच टेबलावर जुन्या कोअर टू ड्युओवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) चालतंय. ज्यांच्याकडे ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरचं नेटबुक (छोटा लॅपटॉप) आहे त्यांनी लक्षात घ्या: ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ पासून त्या प्रोसेसरवर नवीन इन्स्टॉलेशन होत नाही. १२ वर थांबा.

लालबाग

माझं मशीन बाजूला ठेवतो, त्यातल्या फाइलींबद्दल लिहितो. आमच्या मंडळाच्या स्मरणिका वर्षानुवर्षं एका डीटीपीवाल्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्या) काकांनी लावल्या, पेजमेकर या प्रोग्रॅममध्ये, जुन्या मराठी फॉण्टात. काका गेले. त्यांच्या मुलाने कॉम्प्युटर आम्हाला आणून दिला. नवीन मशीनवर फाइलच उघडेना. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) जुनं विंडोज एक्सपी टाकलं, त्यात पेजमेकर, तेव्हा पानं दिसली. मजकूर कॉपी करून बाहेर आणला तर सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या काळच्या फॉण्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असायची; फॉण्ट गेला की मराठी गेली.

मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत रूपांतराची स्क्रिप्ट लिहायला घेतली. चिन्हाला अक्षर लावणं सोपं, तक्ता करायचा. खरी मेहनत क्रमाची. जुन्या फॉण्टात 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि मग क. युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. 'धर्म' जुन्या फाइलीत ध, म आणि शेवटी रफार असा असतो, युनिकोडला र् हा म च्या आधी हवा. आणि 'कीर्ती'सारखा शब्द आला की रफार काना-वेलांटी ओलांडून मागे न्यावा लागतो. जोडाक्षरात वेलांटी असेल, जसं 'स्थिती', तर ती अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची. प्रत्येक नियम लिहिला की दहा शब्द सुधारायचे आणि एखादा नवा बिघडायचा. संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात छापील अंक समोर ठेवून बायको वाचायची, मी स्क्रीनवर तपासायचो.

संपकाळातल्या अंकांतले गिरणी कामगारांचे लेख आमच्याकडे आधीच छापील होते, ते स्कॅन केले. पण नव्वदीनंतरचं सगळं या फाइलींत होतं: कोणत्या चाळीतून किती वर्गणी, कोणाच्या मुलाला दहावीत बक्षीस, बंद झालेल्या गिरण्यांच्या आठवणी. आता त्यात शोधता येतं. एका आजींनी आपल्या मिस्टरांचं नाव शोधायला सांगितलं, कार्यकर्त्यांच्या यादीत सापडलं, त्यांनी ते पान छापून नेलं. कोणाकडे असा डीटीपीवाल्याचा जुना कॉम्प्युटर पडलेला असेल तर कृपया भंगारवाल्याला देऊ नका. निदान डिस्कची प्रत काढा. स्क्रिप्ट मी कोणालाही देईन, फक्त फॉण्टप्रमाणे तक्ता बदलावा लागेल.

कुर्ला

लालबागकर, स्क्रिप्ट मला हवी. वडिलांची लग्नपत्रिकांची प्रेस होती, चार डिस्क भरून माल आहे. आणि एक प्रश्न: प्रती काढून झाल्यावर जुन्या डिस्क पुढे द्यायच्या तर पुसायच्या कशा? नुसतं फॉरमॅट पुरतं का?

गिरगाव

नाही पुरत. नुसत्या क्विक फॉरमॅटने यादी जाते, माल तिथेच राहतो. फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण जागा एकदा शून्यांनी भरून काढा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट करून होतं, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. एसएसडीला ही पद्धत लावू नका, कारण ती लिहिताना जागा स्वतःच फिरवत असते आणि काही कोपरे सुटतात. तिच्यासाठी बायोसमधलं (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) सिक्युअर इरेज किंवा कंपनीचं टूल. मेलेली डिस्क असेल तर पुसता येणारच नाही, ती रस्त्यावरच्या फेरीवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या. पण कुर्लाकर, आधी लालबागकरांकडून प्रती नीट उघडतायत ना ते बघून घ्या, मगच पुसायला बसा.