चारतारी, पाचतारी की चार तारांची? बेस गिटारच्या तारांबद्दल

कोथरूडहून

नमस्कार मंडळी. आमचा सुगम संगीताचा छोटा ग्रुप आहे. पेटी, तबला, कीबोर्ड, गिटार एवढं जमलंय. आता भाचा बेस गिटार वाजवायला येणार आहे आणि त्याच्यासाठी वाद्य घ्यायचंय. तो "फाइव्ह स्ट्रिंगच घेऊ" म्हणतो, पण ती का, हे आमच्या गायकांना पटेल असं त्याला सांगता येत नाही. कार्यक्रमपत्रिका आम्ही पूर्ण मराठीत छापतो. वाद्यांच्या यादीत काय लिहावं? चौतारी, पंचतारी, की पाच तारांची? आणि चार की पाच हा फरक गायकाला कळेल अशा शब्दांत कसा सांगावा? गायक काळी एकला गातात (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा 'सा'), गायिका काळी चारला.

सदाशिव पेठेतून

ताई, आधी शब्दाचं पाहू.

'चौतारी' व्याकरणाने बरोबर आहे. चौपदरी रस्ता, चौकोनी डबा, तसं चौतारी वाद्य. पण संगीतवाल्याच्या कानाला आधी चौताल ऐकू येतो, विशेषतः शेजारी तबला-पखवाज छापलेलं असेल तर. 'पंचतारी' मात्र मी मुळीच वापरणार नाही. 'पंचतारांकित' हा शब्द हॉटेलांच्या जाहिरातींनी इतका रुळवलाय की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाद्याच्या तारांऐवजी आकाशातले तारे येतात.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातला नमुना घ्या. एकतारी पाक, दोनतारी पाक असं आपण रोज म्हणतो. तिथे 'दुतारी' कुणी म्हणत नाही, साधा 'दोन' लावून मोकळे होतात. त्याच चालीवर चारतारी, पाचतारी, सहातारी सहज बसतात. भजनातली एकतारी तर आहेच. या रूपाचा आणखी एक फायदा आहे. 'बेस' म्हटलं तर तो, 'गिटार' म्हटलं तर काहींची ती आणि काहींचं ते. 'पाच तारांचा' लिहायचं की 'तारांची' हा घोळ 'पाचतारी'मध्ये होतच नाही. पाचतारी बेस, पाचतारी गिटार, दोन्ही चालतं.

मोठ्याने बोलताना मात्र 'पाच तारांची' हेच नैसर्गिक. तंबोऱ्याबद्दलही आपण 'चार तारांचा', 'सहा तारांचा' असंच म्हणतो.

औंधहून

मी बेस वाजवतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. रिहर्सलमध्ये आम्ही फोर स्ट्रिंग, फाइव्ह स्ट्रिंग असंच बोलतो, आणि फिरोदिया करंडकाच्या (कॉलेजांच्या स्पर्धेच्या) तालमीला गेलात तरी हेच ऐकू येईल. पण छापायला 'पाचतारी' मला आवडलं.

खरा गोंधळ आकड्यात नाही, 'वरची तार' आणि 'खालची तार' यांत आहे. गिटार अंगावर घेतली की सगळ्यात जाड तार वर, छताकडे असते, आणि तिचा सूर सगळ्यात खाली. पातळ तार जमिनीकडे, सूर वर. एका दुकानात फोनवरून "खालची तार हवी" असं सांगितलं, तर माणसाने पातळ 'जी' बांधून ठेवली (तारांची नावं त्यांच्या इंग्रजी सुरांवरून). मला हवी होती जाड 'ई'. त्याच्या दृष्टीने तोही बरोबरच होता. तेव्हापासून मी जाड-बारीक म्हणतो आणि सोबत तारेचा सूर सांगतो.

तारांचे क्रमांकही सरकतात. मोजणी बारीक तारेपासून. चारतारीत 'जी' पहिली, 'ई' चौथी. खाली जाड 'बी' जोडली की ती पाचवी होते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. पण वर बारीक 'सी' जोडली तर 'सी' पहिली होते आणि 'जी' दुसरी. दोन्ही वाद्यं पाचतारीच! १९६५ साली फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने काढलेला पाचतारी बेस या दुसऱ्या जातीचा, वर 'सी' असलेला होता. आज दुकानात 'फाइव्ह स्ट्रिंग' म्हटलं की बहुतेक वेळा जाड 'बी'वालीच पुढे येते, तरी विचारून घ्यावं.

सदाशिव पेठेतून

हे फार मोलाचं सांगितलंत. यात 'तार' हा शब्दच भर घालतो. वाद्याची तार वेगळी आणि तार सप्तकातलं 'तार' वेगळं. 'तारस्वरात ओरडला' म्हणतो ते संस्कृतातलं तार, उंच या अर्थाचं. त्यामुळे 'बेसची तार सप्तकाकडची तार' असलं वाक्य कुणी लिहू नये, वाचणारा अडखळतो. 'बारीक तार' लिहिलं की काम होतं.

औंधहून

आता ताईंचा दुसरा प्रश्न, गायकाला कसं सांगायचं. पट्टीच्या भाषेत सांगा, लगेच कळेल.

चारतारी बेसच्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी. सगळ्यात खालचा सूर 'ई', म्हणजे पांढरी तीन, सुमारे ४१ हर्ट्झ. त्याखाली हे वाद्य जातच नाही. आता तुमच्या गायकाची पट्टी काळी एक. पांढरी तीनच्या जरा खालीच काळी दोन, पांढरी दोन आणि काळी एक. आपल्याकडचे किती पुरुष गायक नेमके याच पट्ट्यांत गातात ते पाहा!

काळी एकच्या गायकाचा मध्य षड्ज (मधल्या सप्तकाचा 'सा') साधारण १३९ हर्ट्झ, मंद्र षड्ज (एक सप्तक खालचा) ६९, अतिमंद्र षड्ज (दोन सप्तकं खालचा) ३५ च्या आत-बाहेर. मंद्र षड्ज चारतारीवर 'ए' तारेच्या चौथ्या पडद्यावर छान मिळतो. तिथून खाली उतरलात तर नि, ध, प, म आणि शेवटी अतिमंद्राचा कोमल गंधार. तिथे 'ई'ची मोकळी तार आली आणि वाद्य संपलं. खालचा षड्ज हाताला लागत नाही. पाचतारीवर जाड 'बी' म्हणजे पांढरी सात, सुमारे ३१ हर्ट्झ. तिच्या दुसऱ्या पडद्यावर गायकाचा अतिमंद्र षड्ज मिळतो.

गायिकेचं उलट आहे. काळी चारचा अतिमंद्र षड्ज सुमारे ५२ हर्ट्झ, तो चारतारीच्याच 'ई' तारेवर चौथ्या पडद्याला आहे. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये बाईंच्या गाण्याला चार तारा पुरतात आणि बुवांच्या गाण्याला पाचवी उपयोगी पडते. चार की पाच याचं उत्तर गाणाऱ्याच्या पट्टीत असतं. विकत घेताना हे कुणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अवघड गळ्याचं (म्हणजे दांडीचं) आणि वजनदार वाद्य घेऊन ती पाचवी तार कधीच न वाजवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

कोथरूडहून

हे गायकांना वाचून दाखवलं, लगेच पटलं. पण पाचवी तार नसली तर 'ई' उतरवून चालणार नाही का? आम्ही तंबोरा उतरवतोच की.

औंधहून

एक स्वर चालतो. 'ई' उतरवून 'डी', म्हणजे पांढरी दोनपर्यंत पुष्कळ जण जातात. काळी एकपर्यंत उतरवली की तार ढिली पडते, पडद्यांवर आपटते आणि सूर डगमगतो. त्यावर एक चांगला उपाय आहे. पाचतारीच्या सेटमधल्या जाड चार तारा चारतारीवर लावायच्या. बी, ई, ए, डी. नेहमीच्या सेटमध्ये 'ई' बहुतेक ०.१०५ इंच जाड असते, 'बी' ०.१३० च्या आसपास. त्यामुळे नटच्या (दांडीच्या टोकाला तारा धरणाऱ्या पट्टीच्या) खाचा कारागिराकडून रेतून थोड्या रुंद करून घ्याव्या लागतात. बारीक 'जी' जाते, पण भावगीताच्या साथीला तिच्यावाचून अडत नाही. भाचा नवशिका असेल तर मी हेच सुचवेन. गळा अरुंद राहतो आणि न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवायला एक तार कमी. सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या बारीक तारा) आपोआप गुंजतात ते हवंच असतं. बेसवर तसं गुंजणं नको असतं, पाचव्या तारेवर अंगठा टेकवून ठेवायची सवय मुद्दाम लावावी लागते.

शिवाय हॉल लहान असेल आणि स्पीकरही साधे असतील, तर ३५ हर्ट्झचा मूळ सूर फारसा बाहेर पडत नाही. ऐकणाऱ्याला तो त्याच्या वरच्या स्वरांशांवरून (त्याच्यासोबत उमटणाऱ्या उंच सुरांवरून) जाणवतो. डग्ग्याची घुमारही खालीच असते, दोन्ही एकदम खाली गेले की गढूळ होतं. अशा ठिकाणी मी मंद्र षड्जावरच थांबतो.

कोथरूडहून

मग 'बी' तारेला 'खर्जाची तार' म्हणावं का?

सदाशिव पेठेतून

म्हणावं, पण जपून. खर्ज हा मुळात षड्जच. तंबोऱ्याची शेवटची, बहुधा पितळी तार खर्जाची, कारण ती खरोखर खालच्या 'सा'ला लावलेली असते. बेसची 'बी' तुमच्या 'सा'ला लावलेली नाही. तरी 'खर्जातला आवाज' म्हणताना आपण नुसता खोल, भारदस्त आवाज म्हणतोच. त्या अर्थाने 'खर्जाची पाचवी' चालेल.

सतारवाल्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवलाय. रविशंकरांच्या वळणाची सतार ती खरज-पंचम. विलायत खाँसाहेबांनी खालच्या जाड तारा काढल्या, त्या वळणाची ती गांधार-पंचम. तारा मोजत बसण्यापेक्षा कुठली तार आहे ते नावातच सांगितलंय. बेसबद्दलही मराठीत असंच बोलावं असं मला मनापासून वाटतं. 'खर्जाची पाचतारी' आणि 'बारीक पाचतारी'. दोन शब्दांत गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच वाद्याबद्दल बोलायला लागतील.

पिंपरीहून

सहातारीलाही हे लागू आहे. फेंडरची १९६१ ची 'बेस सिक्स' सहा तारांची, पण ती नेहमीच्या गिटारसारखीच लावलेली, फक्त एक सप्तक खाली. तिची जाड तार 'ई'च, खर्ज वाढत नाही. अँथनी जॅक्सन या बेसवादकाने सत्तरच्या दशकात कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून करवून घेतली ती वेगळी: बी, ई, ए, डी, जी, सी, खाली एक आणि वर एक. तिला तो कॉन्ट्राबास गिटार म्हणायचा. नुसतं 'सहातारी' लिहिलं तर या दोन वाद्यांत फरक कळणार नाही, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत नाही तरी दुकानात जाड तारेचा सूर सांगावाच लागेल.

कोथरूडहून

ठरलं. पत्रिकेत 'बेस गिटार (चारतारी)' छापतोय. भाच्याला जाड चार तारांचा सेट आणि नट रेतून देणारा कारागीर शोधायला सांगितलंय. लक्ष्मी रोडच्या बाजूला असं काम करणारं कुणी असेल तर कृपया निरोपातून कळवा.