नॉरफोकमधली जुनी वर्कहाऊस आणि हॉस्पिटलं: दोन दिवसांत काय बघू?

मधुरा_नॉरिच
मंडळी, इंग्लंडमधे नॉरिचला (नॉरफोक परगण्यातलं शहर) येऊन वर्ष होत आलं. शेजारच्या आजी पंच्याऐंशीच्या आहेत, परवा चहाला बोलावलं तेव्हा सांगत होत्या की त्यांच्या आईला शेवटच्या दुखण्यात बोथॉर्प रोडच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं तर ती माऊली पलंगाचा कठडा धरून बसली, तिथं नको एवढंच म्हणत राहिली. मला काही कळेना, मग शोधलं तर ते हॉस्पिटल म्हणजे शहराचं जुनं वर्कहाऊस, निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायचे ते घर! तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मे महिन्यात आईबाबा येतायत, बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, जुनं बांधकाम दिसलं की तिथेच थांबतात. गाडी आहे. काय बघू? आणि आजींच्या घरच्यांच्या नोंदी कुठे मिळतील का?

जुनी_वीट
मधुराताई, डोळे झाकून ग्रेसनहॉल. डेरहॅमजवळ आहे, पूर्ण एक दिवस द्या. १७७७ ला बांधलं तेव्हा त्याला हाऊस ऑफ इंडस्ट्री म्हणायचे आणि गरीब कुटुंबं तिथे एकत्र राहायची, मग १८३४ चा पुअर लॉ (गरिबांच्या मदतीचा कायदा) आला आणि सगळंच फिरलं, नवरा एका अंगणात बायको दुसऱ्या, पोरं तिसरीकडे, मधे उंच भिंती. उद्देशच तो होता की आतलं जगणं बाहेरच्या मजुरापेक्षा वाईट ठेवायचं म्हणजे कोणी सहजी यायचं नाही. बाबांना बुजवलेल्या कमानी जरूर दाखवा, पूर्वी तो भाग मोकळा होता, नंतर विटा भरून बंद केला. आणि अंगणाच्या भिंतीशी जरा वाकून बघा, विटांवर आतल्या लोकांनी कोरलेली अक्षरं आहेत. मी एका अक्षरावर बोट ठेवलं आणि पुढे पाऊलच उचलेना.

लग्नाशिवाय मूल झालेल्या बायकांना तिथे वेगळं जाकीट घालायला लावायचे, सगळ्यांना लांबूनच कळावं म्हणून. ते वाचून माझी बायको बाहेर जाऊन बसली. हिवाळ्यात बंद असतं, पण मे मधे चालू असेल, वेळा बघून निघा.

सातारकर_यूके
ग्रेसनहॉलला +१. पण नॉटिंगहॅमशरचं साउथवेल जास्त चांगलं जपलंय असं माझं मत, १८२४ चं आहे आणि पुढे देशभर जी वर्कहाऊस झाली त्यांचा नमुनाच तो, नॅशनल ट्रस्टकडे आहे. अर्थात दोन दिवसांत तिकडे पळू नका, पुढच्या वेळी.

डॉ_अनघा
नॉरिचमधेच एक दिवस सहज जातो. कॅथीड्रलच्या मागे ग्रेट हॉस्पिटल, १२४९ ला बिशप वॉल्टर डी सफील्डने सुरू केलं, आणि आजही तिथे वयस्कर लोक राहतात म्हणून आधी विचारूनच जा. जुन्या ईगल वॉर्डच्या लाकडी छतावर काळे गरुड रंगवलेत, दोनशेच्या वर. हॉस्पिटलच्याच चर्चच्या अर्ध्या भागात मजला टाकून वॉर्ड केला होता, म्हणजे पेशंट पलंगावर पडून तेच गरुड बघत असणार.

मग सेंट स्टीफन्स रोडवरचं जुनं नॉरफोक अँड नॉरिच हॉस्पिटल. ते १७७१ ला स्थापन झालं, त्या काळी इथे मूतखड्याचे पेशंट फार आणि इथले सर्जन त्या ऑपरेशनसाठी नावाजलेले, तेही भूल यायच्या आधी! मी सर्जरीत आहे म्हणून असेल पण मला तो रस्ता फार जवळचा वाटतो. आता तिथे घरं झालीत, बाहेरूनच बघायचं.

तुमच्या आजींच्या आईचं मात्र अगदी खरं आहे. १९३० ला वर्कहाऊस चालवणारी गार्डियन मंडळं गेली, १९४८ ला एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आली, पाट्या बदलल्या पण इमारत तीच ना. म्हाताऱ्या माणसांच्या मनातून ते जात नसे. आम्हाला जुन्या नर्सेस हेच सांगायच्या.

वंशावळवाला
नोंदींसाठी नॉरिचलाच नॉरफोक रेकॉर्ड ऑफिस आहे. नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका, गाव कुठल्या युनियनमधे (मिळून एक वर्कहाऊस चालवणारा गावांचा गट) होतं ते आधी काढा कारण कागद युनियनप्रमाणे लावलेत. भरतीची रजिस्टरं सगळीकडची उरलेली नाहीत, गार्डियनांच्या मीटिंगची मिनिट्स बऱ्याचदा मिळतात. पेशंटचे कागद साधारण शंभर वर्षं बंद असतात. आणि एक, १९०४ नंतरच्या जन्मदाखल्यावर वर्कहाऊस असं लिहीत नसत, नुसता रस्ता आणि नंबर घालायचे, पोराला आयुष्यभर डाग नको म्हणून. तेव्हा बोथॉर्प रोड असा साधा पत्ता दिसला तर नंबर नीट तपासा.

मधुरा_नॉरिच
सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी ग्रेसनहॉल, रविवारी ग्रेट हॉस्पिटल, त्यांना आजच मेल करते. वंशावळवाला दादा, तुमचं वाचून आजींना त्यांच्या आईचा दाखला आहे का विचारलं, तर कपाटातून बिस्किटाचा डबा काढला. जन्म १९०९, आणि पत्त्यात नुसता बोथॉर्प रोड आणि नंबर. मी त्यांना अजून काहीच बोलले नाहीये. सांगू का?

डॉ_अनघा
मधुरा, घाई नको. आधी रेकॉर्ड ऑफिसला नंबर पक्का कर. मग त्यांनी विचारलं तर शेजारी बसून सांग.