आक्षीचा किनारा आणि चौलची तळी: एका दिवसाचे पक्षीनिरीक्षण कसे आखावे?

प्रश्न

नमस्कार. जानेवारीत वडिलांना घेऊन अलिबागजवळच्या आक्षी किनाऱ्यावर आणि त्याच दिवशी चौल परिसरातील तळ्यांवर पक्षी पाहायला जाण्याचा विचार आहे. वडिलांना वाळूत फार चालवत नाही, म्हणून पक्षी जवळून दिसतील अशी वेळ साधायची आहे. आधी किनारा करावा की तळी, आणि त्यासाठी दिवस कोणता निवडावा? कुरव (गल) आणि चिखल्या (प्लोवर) यांचे प्रकार ओळखताना आमचा गोंधळ होतो, त्याबद्दलही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १

सुट्टीचा वार पाहण्याआधी पंचांगातली तिथी पाहा. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटीला पाणी बरेच आत जाते आणि पक्षी ओल्या वाळूवर दूरवर पांगतात, पण भरती चढू लागली की तीच त्यांना किनाऱ्याकडे रेटत आणते. म्हणून शुद्ध किंवा वद्य पक्षातली द्वादशी अथवा त्रयोदशी धरा, सकाळी सातपर्यंत पोहोचा आणि सुरूच्या बनाच्या कडेला एका जागी शांत बसून राहा. वडिलांना चालावे लागणार नाही, पक्षीच पुढे सरकत येतील.

प्रकाशाचाही विचार करा. किनारा पश्चिमेकडे असल्याने सकाळचे ऊन पाठीमागून येते आणि पिसांचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी मात्र सूर्य डोळ्यांवर येतो व पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. त्यामुळे किनारा सकाळी आणि तळी दुपारनंतर, हा क्रम मी तरी उलटवणार नाही. तिथीचा हिशेब ढोबळ असतो, तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता जरूर पाहावा.

प्रतिसाद २

हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा या दोन्ही कुरवांचे डोके पांढरे होते आणि कानामागे फक्त गडद ठिपका राहतो, त्यामुळे नावातला रंग शोधत बसू नये. त्याऐवजी डोळा पाहावा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बुबुळ फिकट असते, दुसऱ्याचे गडद. शिवाय पहिल्याने पंख उघडले की त्यांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके ठळक दिसतात. छोट्या चिखल्यांमध्ये मानेमागे सलग पांढरी पट्टी असेल तर तो केंटिश चिखल्या. वाळूवरच्या इतर दोन चिखल्यांना (लेसर आणि ग्रेटर सँड प्लोवर) ती नसते. लाट मागे हटताच तिच्यामागे धावणारा आणि नवी लाट येताच तुरुतुरु परतणारा पांढुरका पक्षी दिसला, तर तो सँडरलिंग समजावा. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात होते, आणि इतक्या लांबून आलेला तो पक्षी आपल्या वाळूवर पोट भरताना पाहणे मला दरवर्षी तितकेच आनंदाचे वाटते.

एक कळकळीची विनंती आहे. छायाचित्रासाठी थव्यावर धावून जाऊ नये आणि कोणी जात असेल तर त्याला थांबवावे. परतीच्या प्रवासासाठी हे पक्षी अंगात चरबी साठवत असतात, आणि प्रत्येक वेळी विनाकारण उडावे लागले की त्यातलीच ताकद खर्च होते.

प्रतिसाद ३

मी चौलचाच आहे. आमच्याकडे पूर्वी ३६० तळी होती असे जुनी माणसे सांगतात. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी अवश्य पाहा, परंतु पक्ष्यांसाठी पाणवनस्पतींनी भरलेले, वर्दळीपासून दूरचे तळे गाठावे. कमळपक्षी तिथेच, लांबलचक बोटे पसरून पानांवरून चालताना दिसतो. हिवाळ्यात त्याची लांब शेपटी नसते, म्हणून मानेच्या बाजूने उतरणारी काळी रेघ पाहून ओळखावे. टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, खंड्या आणि शिटी घालत उडणारी अडई बदके यांच्यासाठी चारनंतरची वेळ उत्तम.

वेळ उरलाच तर परतताना किहीमला थांबा. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास तिथेच केला होता. वाड्यांमधली तळी बहुधा खाजगी असतात, तेव्हा घरमालकांना विचारूनच आत जावे. आपुलकीने विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.