मदत हवी आहे: एफवायला मानसशास्त्र घ्यायचंय, एवढी तयारी पुरेल का?

बारावी आर्ट्स, मराठी माध्यम, गाव गुहागर तालुक्यात. रत्नागिरीत एफवायबीएला प्रवेश घेतेय. मानसशास्त्र की अर्थशास्त्र, ते याच आठवड्यात सांगायचंय. बारावीला मानसशास्त्र नव्हतं, विज्ञान दहावीनंतर सुटलं.

ओळखीच्या ताईच्या नोट्स आणून स्वतःला तपासून पाहिलं. पाव्हलॉवचा कुत्रा, म्हणजे घंटेच्या आवाजानेच लाळ गाळायला शिकलेला, न बघता धाकट्या भावाला समजावता आला. नकारात्मक प्रबलन (त्रासदायक गोष्ट थांबते म्हणून सवय लागणं) म्हणजे शिक्षा नव्हे, हेही उदाहरणासकट सांगता येतं: सीटबेल्ट लावला की गाडीची टिकटिक थांबते, म्हणून पुढच्या वेळी आपण तो आधीच लावतो. वुंटची १८७९ची लाइपझिगची पहिली मानसशास्त्र प्रयोगशाळा वगैरे पाठांतराचं काम, ते होईल.

अडतंय ते चेतापेशीत (मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशीत) आणि आकड्यांत. आकृती काढते, नावं देते, पण अक्षतंतूच्या (तिच्या लांब धाग्याच्या) टोकापासून पुढच्या पेशीपर्यंत संदेश रसायनांतून कसा पोचतो ते डोक्यात बसत नाही. प्रमाण विचलनाचं (स्टँडर्ड डेव्हिएशनचं) तसंच. सूत्रात घालून उत्तर ४ येतं, पण त्या ४ वरून वर्गातल्या मुलांबद्दल नेमकं काय कळलं?

इंग्रजी वाचते, सावकाश. क्लास जवळपास नाही, पावसात नेटचा भरवसा नाही, त्यामुळे व्हिडिओ सुचवू नका, छापील काही असेल तर सांगा. आणि ‘सगळं कॉमन सेन्स असतं गं’ हे ऐकून झालंय.

ज्यांनी मुंबई विद्यापीठाकडून हा विषय केलाय त्यांना विचारते: पहिल्या वर्षी मेंदू आणि संख्याशास्त्र किती खोलात विचारतात, आणि कॉलेज सुरू होईपर्यंत यातलं आधी काय पक्कं करू?